सवय लावायची कशी, सोडायची कशी?

मराठीत चांगली सवय आपण 'लावतो' आणि वाईट सवय 'लागते'. एकीसाठी खटपट, दुसरी फुकटात. पण आत जे घडतं ते दोन्हीकडे एकच. फोन उचलून उगाच स्क्रीन वर ढकलत बसण्याची सवय लागताना कुणी वहीत दिवस मोजत नाही. तरी ती पक्की होते, कारण तिला हवं ते सगळं आयतं मिळतं: रोज तीच खूण (म्हणजे कृतीला सुरुवात करून देणारी गोष्ट), अगदी सोपी कृती आणि लगेच हाती पडणारा मोबदला. चांगल्या सवयीसाठी या तिन्हींची सोय मुद्दाम करावी लागते, नको असलेलीच्या वाटेत तिन्ही ठिकाणी खोडा घालावा लागतो. मनोनिग्रह लागतो, पण लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी, आणि तोही वेगळ्या जागी.

आधी हे समजून घ्या

एकच कृती त्याच परिस्थितीत वारंवार झाली की मेंदू परिस्थिती आणि कृती यांची गाठ मारतो. सुरुवातीला प्रत्येक पाऊल विचारपूर्वक पडतं. पुढे ते काम मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायाटमकडे जातं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात ॲन ग्रेबिएल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना इंग्रजी 'टी' आकाराच्या वाटेवर पळवून याच्या नोंदी घेतल्या. वाट नवी असताना तिथल्या पेशी जवळजवळ वाटभर जाग्या असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी उसळत, मधला भाग एका गठ्ठ्यासारखा उलगडत जाई. यातून कामाची गोष्ट अशी निघते: सवयीचा गठ्ठा एकदा उलगडायला लागला की मध्येच अडवणं कठीण. जी काही झटापट करायची ती सुरू होण्याच्या क्षणी, शक्यतो त्याच्याही आधी.

दुसरी गोष्ट, पक्क्या सवयीला कारण लागत नाही. २०११ साली डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिनेमाला आलेल्या लोकांना ताजे किंवा आठवडाभर जुने पॉपकॉर्न दिले होते. सिनेमा बघताना पॉपकॉर्न खाण्याची ज्यांची सवय पक्की होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच संपवले. चव मात्र त्यांना आवडली नव्हती. तेच मीटिंगच्या खोलीत बसवून दिले, तेव्हा असं झालं नाही. सिनेमागृहातच पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हाही सवयीचा जोर ओसरला. जागा बदलली किंवा हाताची लकब मोडली की माणूस पुन्हा 'मला हे हवंय का' असं विचारू लागतो. हे लक्षात ठेवा, सोडण्याच्या भागात उपयोगी पडेल.

नवी सवय लावताना

*एकच निवडा, आणि ती क्रियापदात लिहा.* 'तब्येत सांभाळणे' ही सवय नाही, तो परिणाम आहे. 'शिस्त' तर त्याहून धूसर. कसोटी सोपी आहे: शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती झाली की नाही हे नुसतं बघून सांगता आलं पाहिजे. 'दात घासून झाले की फ्लॉस करणे' (दातांच्या फटींतून दोरा फिरवून त्या साफ करणे), 'अंथरुणात शिरल्यावर पुस्तकाचं एक पान वाचणे' या सवयी होऊ शकतात. तीन-चार एकदम हाती घेऊ नका. प्रत्येकीला आठवणीत जागा लागते, आणि एक निसटली की बाकीच्यांवरचा विश्वासही डळमळतो.

*खूण नीट शोधा.* सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण बहुतेक नव्या सवयी इथेच फसतात. घड्याळाची वेळ ही कच्ची खूण आहे. सात वाजलेत हे कळायला घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि सवयीचा मुद्दाच लक्ष न देता घडण्याचा. फोनचा गजरही तसाच. गजराने काम होतं, पण सवय परिस्थितीला न जडता गजराला जडते आणि एके दिवशी गजर बंद केला की तीही थांबते. त्यापेक्षा आधीपासून रोज घडणारी एखादी कृती पकडा. तिच्यात चार गुण हवेत: ती रोज घडते, एकाच जागी घडते, तुम्हाला जितक्या वेळा नवी कृती करायचीय तितक्याच वेळा घडते आणि ती संपल्याचं स्पष्ट कळतं.

शेवटच्या गुणाकडे दुर्लक्ष होतं. 'जेवणानंतर' ही खूण वाटते, पण जेवण नेमकं संपतं कधी? शेवटचा घास, उठणं, हात धुणं की आवराआवर? मेंदूला गाठ मारायला टोकच सापडत नाही. 'हात धुऊन नळ बंद केला की' असं लिहा. क्रमालाही महत्त्व आहे. फ्लॉसिंगवरच्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात काहींना दात घासण्याआधी आणि काहींना घासल्यानंतर फ्लॉस करायला सांगितलं होतं. आठ महिन्यांनी घासल्यानंतर करणाऱ्यांची सवय अधिक पक्की दिसली. एक काम संपतं तेव्हा पुढचं सुरू करायला फट मिळते. काम सुरू होण्याआधी ती फट नसते, डोक्यात मूळ कामच असतं.

*वाक्य लिहून काढा.* 'अमुक झालं की मी तमुक जागी हे करीन.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या 'जर-तर' वाक्यांवर बरंच काम केलं आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात नुसत्या इराद्यापेक्षा अशा वाक्याचा फायदा मध्यम ते मोठा निघाला. एक वाक्य कृतीचं आणि एक अडचणीचं, अशी दोन पुरतात. 'घरी येऊन बूट काढायच्या आधी मी दारातूनच वळून दहा मिनिटं चालून येईन.' 'पाऊस असेल तर तेवढाच वेळ जिन्यात चढ-उतर करीन.' यापेक्षा जास्त वाक्यं लिहिली तर ती पाठ राहत नाहीत आणि वहीतच राहतात.

*आकार लहान ठेवा.* तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे ताप नाही पण डोकं दुखतंय, उशीर झालाय, कुणाशी तरी वाजलंय, अशा दिवशीही जमेल एवढीच कृती ठरवा. बहुतेकांसाठी ती दोन मिनिटांच्या आतली असते: एक पान, पाच बैठका, एक ओळ. 'एवढ्याने काय होणार?' हा प्रश्न रास्त आहे. शरीराला काही होणार नाही. पण या टप्प्यात आपण व्यायाम करत नसून गाठ मारत असतो, आणि गाठ मिनिटांनी नाही, वेळांच्या संख्येने घट्ट होते. पहिले दोन आठवडे उत्साह आवरा. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं धावणारा चौथ्या दिवशी पाय दुखतात म्हणून थांबतो. आरंभशूर हा शब्द त्याच्यासाठीच आहे. दोन आठवडे नीट गेले की दोनाची पाच मिनिटं करा, आणखी दोन आठवड्यांनी आठ. कृती टाळाविशी वाटू लागली की एक पायरी खाली या.

*वाट मोकळी करा.* खूण आणि कृती यांच्यामध्ये किती हालचाली आहेत ते बोटांवर मोजा. कपाट उघडणं, कपडे शोधणं, मोजे जुळवणं, चटई काढणं, जागा करणं: व्यायाम सुरू होण्याआधी पाच. यातली प्रत्येक हालचाल म्हणजे विचार बदलायची एक संधी. आदल्या रात्री चार उरकून ठेवा. वाचायचं पुस्तक कपाटात नको, उशीवर हवं. निजायचं तर ते उचलावंच लागतं.

*मोबदला तिथल्या तिथे.* कमी झालेलं वजन सहा महिन्यांनी दिसतं, पण मेंदू मागोमाग येणाऱ्या सुखाशीच गाठ मारतो. म्हणून कृतीतच काहीतरी गोड हवं. आवडीची रहस्यकथा फक्त चालतानाच ऐकायची, हा एक प्रकार. कॅथरिन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खिळवून ठेवणाऱ्या गोष्टींची ध्वनिपुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला ठेवली, तेव्हा सुरुवातीला हजेरी चांगली वाढली, पण मध्ये सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. म्हणजे युक्ती खरी, पण सुरुवातीचा धक्का देण्यापुरती. हे न जमलं तर कॅलेंडरवर मारलेली फुली हाही लहानसा मोबदलाच आहे, फक्त ती कृती संपताच मारायची, रात्री आठवून नाही.

किती दिवस लागतात?

एकवीस, हे उत्तर विसरा. ते मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून आलं. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. 'किमान' हा शब्द पुढे गळाला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना चिकटली.

मोजून पाहिलेलं उत्तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचं आहे, २००९ साली प्रसिद्ध झालेलं. ९६ जणांनी ८४ दिवस खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक कृती रोज ठरलेल्या खुणेला करून पाहिली. कृती किती आपोआप होतेय याचा आलेख ज्यांचा नीट जमला त्यांत मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि पल्ला १८ ते २५४ असा. यातला २५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त दिवस लागले. आलेखाचा आकार या आकड्यांहून महत्त्वाचा: सुरुवातीच्या प्रत्येक वेळेला मोठी चढण, पुढे पुढे सपाटी. आणखी एक दिलासा असा की एखादा दिवस चुकल्याने चढणीत फारसा फरक पडला नाही.

तुमची सवय कुठवर आली हे दिवसांवरून कळत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा चार विधानांना १ ते ७ गुण द्या: हे मी आपोआप करतो, हे मुद्दाम आठवावं लागत नाही, हे विचार न करता होतं, करतोय हे कळायच्या आत सुरुवात झालेली असते. संशोधकही सवय मोजायला जवळपास हेच विचारतात. सरासरी काढून लिहून ठेवा. तीन आठवडे आकडा पाच-सहाच्या आसपास थांबला असेल तर सवय बसली, मोजणं बंद करा. तो दोन-तीनवरच अडकला असेल तर स्वतःला दोष न देता खूण बदला. ती बहुधा रोज घडत नसते, किंवा तिला टोक नसतं.

कुठे बिघडतं

नव्याचे नऊ दिवस संपले की हुरूप जातो. तो जाणारच असं धरून चला. लहान आकार त्याच दिवसांसाठी ठेवलाय. दुसरी पडझड सुट्टीच्या दिवशी होते, कारण कामाच्या दिवसाच्या खुणाच सुट्टीत नसतात. 'ऑफिसची बॅग टेबलावर ठेवली की' ही खूण आठवड्यातून दोन दिवस गायब. एकतर दोन्हीकडे असणारी खूण निवडा, नाहीतर सवय सरळ कामाच्या दिवसांपुरतीच ठरवा. 'जमेल तसं' हे मात्र नको.

तिसरा घोळ सलग दिवसांच्या आकड्याचा. चाळीस फुल्या जमल्यावर एक चुकते आणि माणूस 'आता काय उपयोग' म्हणून सगळंच सोडतो. एक दिवस चुकल्याने गाठ सुटत नाही, त्यानंतरच्या रुसव्याने सुटते. चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट करू नका, नेहमीचंच करा. लागोपाठ तीनदा चुकलं तर मात्र खुणेची तपासणी हवी.

नको असलेली सवय सोडताना

पहिला आठवडा काही सोडू नका, फक्त लिहा. प्रत्येक वेळी पाच गोष्टी: किती वाजले, कुठे होतो, लगेच आधी काय केलं, सोबत कोण होतं, मन कसं होतं. प्रत्येकी दोन-तीन शब्द पुरे. पंधरा-वीस नोंदी झाल्या की उभे रकाने वाचा. ज्या रकान्यात तेच ते उत्तर येतं तिथे तुमची खूण आहे. अनेकांना वाटतं आपण 'कंटाळा आला की' फोन बघतो, आणि नोंदीत निघतं की लिफ्टची वाट बघताना किंवा अवघड काम अडल्यावर. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे अंदाजावर चालू नका. लिहिण्यानेच कृती थोडी कमी होते, पण त्या भरवशावर थांबू नका.

आता उपाय, पण याच क्रमाने, कारण वरचे स्वस्त आणि खालचे महाग आहेत.

खूणच नाहीशी करा. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की फळाचा रस अचानक मिळाला तर डोपामिनच्या (मोबदल्याशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाच्या) पेशी रसाला उसळतात, पण आधी दिवा लागतो हे शिकल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागतात. ओढ खुणेपाशीच जागी होते. म्हणून डोळ्यांसमोर खाऊचा डबा ठेवून न खाण्याचा निश्चय करणं म्हणजे दिवसभर कुस्ती. डबा झाकणाचा, वरच्या फळीवर, फोन दुसऱ्या खोलीत, सूचना बंद.

खूण काढता येत नसेल तर अंतर वाढवा. व्यायामासाठी हालचाली कमी केल्या, इथे वाढवायच्या. ॲप काढून टाका आणि ब्राउझरमधून दरवेळी पासवर्ड टाकून उघडायची वेळ आणा. पूर्ण बंदीची गरज नाही. गठ्ठा आपोआप उलगडायचा थांबून मध्ये विचाराला वीस-तीस सेकंद मिळाले तरी पुष्कळ. पॉपकॉर्नच्या दुसऱ्या हाताने एवढंच केलं होतं.

मग त्याच खुणेला दुसरी कृती जोडा. इथे वाक्याची घडण महत्त्वाची. 'अडकलो की फोन बघणार नाही' हे फसतं, कारण वाक्य म्हणताना 'अडकलो' आणि 'फोन' यांचीच गाठ पुन्हा घट्ट होते. 'अडकलो की उभा राहून खिडकीपर्यंत जाऊन येईन' असं हवं. पर्यायाने जुन्या मोबदल्याची जागा घेतली पाहिजे. विसावा हवा होता तर विसावा, सोबत हवी होती तर सोबत. सोबतीसाठी केलेल्या सवयीला पाण्याचा ग्लास हा पर्याय चालत नाही.

नखं खाणं, केस ओढणं असे हाताचे चाळे असतील तर नेथन ॲझ्रिन आणि आर. जी. नन यांनी १९७३ साली मांडलेली पद्धत आजही वापरतात. आधी चाळ्याचं अगदी पहिलं पाऊल ओळखायचं: नखाची कड अंगठ्याने चाचपणं, हात हनुवटीकडे जाणं. ते दिसताच मूठ वळून हात मांडीवर दाबून ठेवायचा, निदान एक मिनिट. मूळ पद्धतीत तीन मिनिटं सांगितली होती. मूठ निवडायचं कारण हेच की वळलेली मूठ आणि नख खाणं एकाच वेळी होऊ शकत नाही. घरातल्या एकाला सांगून ठेवा, पण त्याने टोमणा न मारता फक्त ठरलेली खूण करायची.

शेवटचा उपाय नुसतं रोखून धरण्याचा. ओढ चढते, शिगेला पोचते आणि उतरते. तिच्याशी भांडण्यापेक्षा ती अंगात कुठे जाणवतेय हे बघत थांबणं सोपं जातं. पहिले काही दिवस ती वाढेलही. विझताना दिवा मोठा होतो, तसं मोबदला बंद झाल्यावर जुनी कृती काही काळ जोरात उसळते. नेमकं याच टप्प्यावर एकदा हार मानली तर मेंदू शिकतो की जास्त रेटलं की मिळतं, आणि पुढची वेळ जड जाते.

हे उपाय कुठे पुरत नाहीत

दारू रोज आणि बऱ्याच प्रमाणात घेणाऱ्याने ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवावर बेततं. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांचंही तसंच. तिथे आधी डॉक्टर, मग वही. तंबाखूत सवय आणि निकोटिनचं अवलंबित्व दोन्ही असतात, म्हणून खुणांच्या कामाबरोबर निकोटिनचे पॅच किंवा गम डॉक्टरांना विचारून घेतले तर यश येण्याची शक्यता वाढते. आणि हात धुतल्याशिवाय, कुलूप पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय जीव कासावीस होत असेल, तर त्याला सवय समजून वरचे उपाय करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

जागा बदलते तेव्हा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणतात. अर्धं खरं आहे. जुनी गाठ पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते, आणि मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांच्या प्रयोगांतून दिसतं तसं ही नवी गाठ जिथे शिकली त्या जागेला जास्त बांधलेली असते. म्हणून घरी सुटलेली सिगारेट जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर हातात येते. अशा दोन-तीन जागा आधीच ओळखून प्रत्येकीसाठी वेगळं जर-तर वाक्य लिहा.

हीच गोष्ट फायद्याचीही आहे. ब्रिटनमध्ये ८०० जणांवर झालेल्या बास व्हरप्लँकन आणि डेबोरा रॉय यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात, नुकतंच घर बदललेल्यांवर नव्या सवयींच्या प्रयत्नाचा परिणाम जास्त झाला, आणि ही फट साधारण तीन महिने उघडी राहिली. घर, नोकरी किंवा कामाची वेळ बदलणार असेल तर अवघड सवय त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. सामान लावतानाच ठरवा की फोनचा चार्जर कुठल्या खोलीत राहील. एकदा तो उशाशी लागला की पुढच्या महिन्यात तिथून हलवायला पुन्हा वही काढावी लागेल.

प्रवासाला निघताना उलटी काळजी. बसलेल्या सवयीची खूण घरी राहते, तेव्हा बॅग भरतानाच परक्या जागेतली एक खूण नेमा, दात घासायचा ब्रश ही बरी, तो सगळीकडे सोबत असतो. आकार पुन्हा दोन मिनिटांवर आणा. परतल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या खुणेला तेवढंच करा आणि मूळ मापावर चार-पाच दिवसांनी या.